तानाबाईंना न मानवणारी हवा

हे २०२३ सालचं. पृथ्वीचे दोन गोलार्ध आहेत आणि एकात उन्हाळा असतो तेव्हा दुसऱ्यात हिवाळा असतो, हे शाळेत सगळेच शिकतात. पण दोन्ही गोलार्ध मिळून आईला मानवेल असा एकही महिना नसतो, हा शोध त्या वर्षी दारव्ह्यात लागला.

शोधाचं श्रेय तानाबाईंच्या दोन मुलांना जातं. शाम दिल्लीत, अंजू ऑस्ट्रेलियात, कॅनबेऱ्याला. दोन्ही राजधान्या. (तानाबाई हे बाजारात मेथी निवडतानाही सांगत. ज्यांची मुलं नुसती पुण्यात होती, त्या बाया ऐकून घेत.) नवरा बबनराव गेल्यापासून तानाबाई घरात एकट्या. शामचा मुलगा आयुष पाच वर्षांचा झाला, आणि आजवर तो त्यांच्या मांडीवर बसला होता तो लग्नाकार्याच्या गर्दीत, कुणीतरी फोटो काढेपर्यंत. त्यांची मागणी फार नव्हती. पोरगं मांडीत मावतंय तोवर महिनाभर त्याच्याजवळ राहायचं.

आड आलं ते फक्त हवामान.

पूर्वी हवामान रेडिओवर लागायचं. 'विदर्भात तुरळक ठिकाणी' म्हटलं की संपलं. पाऊस पडला तर पडला. आई कुणाकडे राहील, हे त्यात सांगत नसत. आता विज्ञान पुष्कळ पुढे गेलं आहे. मुलं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला हवामान जातीने कळवतात.

त्या कळवण्याचा सारांश असा. दिल्लीत जानेवारीत धुकं असतं. फेब्रुवारीत हवा बदलते. (बदलत्या हवेत वयस्कर माणसाने जपलेलं बरं.) मार्चमध्ये धूळ, मग ऊन, मग डास, आणि दिवाळीच्या सुमारास धूर, तो पुन्हा धुक्यात मिसळेपर्यंत. कॅनबेऱ्यात जुलैच्या रात्री नळीतलं पाणी गोठतं आणि जानेवारीत रान पेटतं. एप्रिलमध्ये पानगळ असते. तीवरून पाय घसरतो. सप्टेंबरात तिकडे झाडं फुलतात, हवा गोड असते, आणि त्याच महिन्यात काळेपांढरे पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात.

"पक्षी?" शेजारच्या खातूनबीने विचारलं. दोघी गच्चीवर मूगवड्या घालत बसल्या होत्या.

"हाव. अंजूनं फोनमध्ये दाखवले ना. कावळ्याएवढे हायेत."

"या अल्ला." खातूनबीने पदर डोक्यावर नीट घेतला. मग बराच वेळ वड्या घातल्यावर म्हणाली, "तानाबाई, तिकडे थंडी असली का इकडे गरमी असते म्हन्ते ना तू?"

"हाव."

"मंग दोन्हीकडची हवा एकाच टायमाले खराब कशी होते वं?"

"हवेचं काही सांगता येत नाही माय," तानाबाई म्हणाल्या, आणि पुढची वडी जरा मोठी पडली.

मे महिन्यात या शास्त्रात मोलाची भर पडली. "आई, त्रेचाळीस डिग्री आहे. कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही," असं शाम सांगत असताना त्याच्या मागून पन्ह्याचा पेला घेऊन एक बाई गेल्या. त्या त्याच्या सासूबाई होत्या, अकोल्याच्या. तानाबाईंना पाहून त्या प्रेमाने फोनजवळ आल्या.

"विहीणबाई, कधी येता? हे लोक एसी असा करतात, मला तर रात्री गोधडी लागते!"

शामच्या बाजूचं नेटवर्क तेवढ्यात गेलं. (दिल्लीत उन्हाने नेटवर्कही जातं.)

तानाबाईंनी यातून निष्कर्ष काढला तो सरळ होता: अकोल्याची माणसं उन्हाला चिवट असतात. हवेत दोष नव्हता, कमी होती ती आपल्या सवयीत. त्यांनी त्याच आठवड्यात सराव सुरू केला.

धुराचा सराव लवकर आटोपला, कारण पन्नास वर्षं त्यांनी चूल कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर पेटवली होती. थंडीसाठी त्या डिसेंबरात ओलं लुगडं नेसून कूलरपुढे बसल्या. शिंका आल्या, पण मोजक्या. पक्ष्यांसाठी खातूनबीच्या मुलाचं, मोईनचं हेल्मेट आणलं आणि गच्चीवर वड्या राखताना ते घातलं. (मोईन गॅरेज चालवतो, हेल्मेट तो आधीही घालत नव्हता.) पहिल्या दिवशी खालून जाणाऱ्या जीपवाल्याने जीप थांबवून नमस्कार केला.

"मी आता बाराही महिने येऊ शकते," असं तानाबाईंनी दोन्ही राजधान्यांना कळवलं.

दोन्ही राजधान्यांनी आपापलं हवामान पुन्हा तपासलं. मग शाम म्हणाला, "तुझं ठीक आहे आई, पण आम्हाला तुझी काळजी वाटते ना." अंजूने त्या महिन्यात वारा फार असल्याचं सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात शामचा फोन आला, तोही मंगळवारी. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेल्या होत्या. दोघांची ऑफिसं, आयुषला सुट्टी. "आई, याला महिनाभर तुझ्याकडे पाठवतो. तिथली हवा कोरडी आहे, लेकरांना मानवते."

त्या दिवशी दारव्ह्यात पंचेचाळीस होतं. तानाबाईंच्या तोंडाशी 'पाठव' आलंच होतं. पण वर्षभर दोन गोलार्धांचा अभ्यास केलेली बाई ती. तिने गिळलं.

"इथं पंचेचाळीस हाय, तुह्याकडे त्रेचाळीस. थंड हवेतलं लेकरू गरम हवेत कायले आणतं बापा? त्याले नाही सोसायचं. मीच येऊन राह्यली."

"अगं पण आई, इथलं ऊन..."

"सासूले गोधडी लागत होती ना? तेवढी काढून ठेव."

मूगवड्यांचा डबा आणि हेल्मेट घेऊन त्या जीपने यवतमाळला, तिथून बसने नागपूरला गेल्या, आणि रेल्वेत बसल्या. हेल्मेटची गरज दिल्लीत नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पण पुढचा प्रवास कुठून निघेल, काय सांगावं.

तानाबाई दिल्लीत दिवाळीपर्यंत राहिल्या. धुराने शाम, सून आणि शेजारचे सगळे खोकले, त्या नाही. आयुष मांडीत पूर्ण मावत नव्हता, पाय बाहेर राहत; पण 'काहून' आणि 'हाव' बोलू लागला, त्याची शाळेने चौकशी केली. शामने हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं. त्यापुढे मूगवड्या छान वाळतात. विहीणबाईंचा गुडघा बरा आहे. त्या आता हिवाळ्यात येतात. कॅनबेऱ्याचे पक्षी अंजूच्या म्हणण्यानुसार यंदा बरेच निवळले आहेत, आणि तिने तिकिटाबद्दल स्वतःहून विचारलं आहे. मोईनने नवं हेल्मेट घेतलं. तेही तो घालत नाही. खातूनबीने आपल्या हैदराबादच्या दुसऱ्या मुलाला फोन करून तिथली हवा विचारली. तो अजून बघून सांगतो आहे.

हा अभ्यास अर्थातच अपुरा आहे. तेव्हा ज्यांची आई गावी असते, अशा वाचकांनी आपल्या शहराचं या महिन्याचं हवामान जरूर कळवावं. तापमान नको, ते आम्हाला दिसतं. सध्या पाहुण्यांच्या खोलीत कोण उतरलं आहे, तेवढंच लिहावं.