वानखडे सरांचं ढिलं इंग्रजी

रजेच्या अर्जात मी ‘काइंड ऑफ फीवर’ असं लिहिलं, तर वानखडे सरांनी अर्ज वाचून थेट माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “ताप आला का नाही, येक काय ते सांग. अर्धामुर्धा ताप कुठी असते?”

सर रिसोडला आमच्या शेजारी राहतात. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. आता तिथंच मी शिकवते, म्हणून माझ्या लिहिण्याची तपासणी रोजची. बोलताना कसंही बोला, त्यांची हरकत नाही. कागदावर मात्र ‘लॉट्स ऑफ’, ‘सॉर्ट ऑफ’ असलं बोलण्यातलं इंग्रजी दिसलं की डोकं फिरलंच समजा. “लिहिनं म्हंजे पाहुन्याच्या घरी जानं हाय. बनियनवर जाशीन काय?” माझ्या भावाची इंग्रजी लग्नपत्रिका त्यांनी लाल पेनानं तपासून परत पाठवली, आणि आहेर घेऊन लग्नालाही आले. आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

एका दुपारी ते चप्पल न काढताच घरात आले. “मले थोडं ढिलं इंग्रजी शिकव.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी मोबाईल पुढे केला. नात कॅनडात असते, मराठी तिला ऐकून जेमतेम समजतं, वाचता येत नाही. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आबा, टन्स ऑफ स्नो!’ सरांनी कळवलं होतं की टन हे वजनाचं माप आहे, ‘हेवी स्नोफॉल’ असं लिहावं. त्यानंतर पोरगी गप्पच. सरांनी खुशाली विचारली, जेवणाचं विचारलं, सगळं अर्जासारखं नीटनेटकं. उत्तर नाही.

“पोरगी बापाले म्हने, आबा रागावते माह्यावर.”

“चुकलंच तुमचं, सर,” मी म्हटलं. “घरच्या माणसाला पोरं असंच लिहितात.”

“मी जन्मभर हापिसालेच लिहिलं वं. घरच्याले लिहाची सवयच नाही.”

मी ‘मिस यू टन्स’ लिहून दाखवलं. त्यांनी पुन्हापुन्हा वाचलं. “बरोबर हाय. पन हे तिचं बोलनं हाय. मले म्हनाचं हाय का तुह्याबिगर करमत नाही. ते कसं लिहू?”

मी दोन-तीन वाक्यं लिहून पुसली. त्यांना एकही पटेना. इतकी वर्षं शिकवलं, पण हे कोणी विचारलंच नव्हतं म्हणाले.

शेवटी मी आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं. सर सावरून बसले आणि नातीशी मराठीतच बोलले. “बाई, तू कसंबी लिह, पन लिह. मले करमत नाही.”

मेसेज गेला. मी चहा ठेवायला उठले. परत आले तर सर मोबाईल कानाला लावून स्वतःचाच आवाज ऐकत होते.

“रागावल्यासारखा तं नाही वाटत ना वं?”