चाकांच्या खुर्चीतला गूळ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत हल्ली सकाळी तुम्हाला चाकांच्या खुर्चीत गूळ बसलेला दिसला, तर दचकू नका. तो फिरायला निघालेला असतो. खुर्चीत दोन रवे, म्हणजे गुळाच्या दोन थोरल्या ढेपा, एकीवर एक. त्यांच्या पोटाला पट्टा. मागे धोतर, कोट आणि कपाळावर विभूती अशा थाटात आमचे शेजारी मल्लाप्पाअण्णा, खुर्ची ढकलत आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला कानडीत शिव्या घालत.

अण्णा मूळचे नेसरीचे. जन्मभर गुळाची अडत केली. आता दुकान मुलगा बघतो, पण अण्णांच्या जिभेवरचा गूळ काही सुटत नाही. कुणाचा नवा जावई त्यांना "जरा कच्चाच उतरलाय" असा वाटतो. पुढाऱ्याचं भाषण म्हणजे "चिक्की गूळ. दाताला चिकटतोय, पोटात काय जात न्हाय." बोलायला लागले की चहा दोनदा गरम करावा लागतो. फक्त गंगाक्का कशा आहेत असं विचारलं, की "बरी हाय" म्हणतात आणि थंडीवर बोलू लागतात. गंगाक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. अर्धांगाचा झटका आल्यापासून गल्लीनं त्यांना पाहिलेलं नव्हतं.

मी स्वतः लहानपणीच्या पोलिओपासून चाकांवर आहे. माझी तक्रार चाकांबद्दल नाही, उचलणाऱ्यांबद्दल आहे. कोल्हापूरच्या माणसाचं मन मोठं आणि दंड त्याहून मोठे. पायरी दिसली की तो फळी शोधत नाही, बाह्या सरसावतो. दर थंडीत तालमीमागच्या मैदानात आमच्या मंडळाचा कला महोत्सव भरतो. चित्रं, मातीकाम, शाहिरी, गाणं. मागे एकदा मी हौसेनं गेले, तर चार पैलवानांनी मला खुर्चीसकट उचलून थेट रंगमंचावर नेलं, फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं आणि तिथंच ठेवलं. सगळं गाणं मी गायिकेच्या पाठीकडे बघत ऐकलं. पुन्हा गेले नाही. घरी बसूनच ऐकायचे, अर्धं गाणं आणि अर्धी शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर.

यंदा अध्यक्ष संभादादा स्वतः आमंत्रण घेऊन आले. "अक्का, काय काळजी करू नगा. मागं चार पोरं हुती, औंदा सहा ठेवतो."

मला एक संध्याकाळ हवी होती. आपल्या हातांनी चाकं फिरवत जायचं, समोर बसून ऐकायचं आणि परत यायचं. हे कसं सांगावं या विचारात मी होते. तेवढ्यात माझ्याकडे चहाला बसलेल्या अण्णांनी बशी खाली ठेवली. "संभा, उचलायचा त्यो गूळ. माणसानं आपलं आपण यायचं. तुझं मैदान दाव मला."

दुसऱ्या दिवशी अण्णा खुर्ची आणि दोन रवे घेऊन मैदानात हजर. खुर्ची कुठून आणली विचारलं तर म्हणाले, "घरात पडून हुती." त्यांचा नियम साधा होता. कमानीपासून पुढच्या रांगेपर्यंत गूळ न पडता गेला पाहिजे.

मंडळानं पाहुण्यांच्या मानासाठी वाटेवर आखाड्यातली मऊ लाल माती पसरली होती. त्यात चाकं रुतली. अण्णांनी जोर लावला, तर पुढं दिव्यांची केबल आडवी. खुर्ची अडली आणि वरचा रवा पट्ट्यातून निसटून संभादादांच्या पायाशी फुटला.

अण्णा शांतपणे म्हणाले, "हे माणसाचं डोस्कं हुतं, बघ."

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. तोच गूळ खात पोरांनी केबल पुरली, माती काढली, रस्ता दाबून घेतला. मातीकामाच्या दालनात "हात लावू नये" अशी पाटी होती. "ज्येला दिसत न्हाय त्येनं काय वास घ्यायचा?" असं म्हणून अण्णांनी ती "हात लावा" अशी करून घेतली. नवा रवा आणून रोज फेरी. शेवटी एकदाचा गूळ सुखरूप पोचला, तेव्हा अण्णांनी फर्मावलं, "म्होरल्या रांगेत दोघांची जागा मोकळी सोड."

"अण्णा, मी एकटीच आहे," मी म्हटलं.

"एकात गूळ बसंल की."

महोत्सवाच्या संध्याकाळी मी गेले. कुणी हात लावला नाही. चाकं माझ्या हातांनी फिरत होती आणि मला लहान मुलीसारखा आनंद झाला होता. गाणं सुरू झालं. गायिकेला चेहरा आहे, आणि तो फार छान आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मग कमानीकडे कुजबुज झाली. तीच खुर्ची येत होती. आत गूळ नव्हता. हिरवं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, एक हात मांडीवर निश्चल. गंगाक्का होत्या. मागे अण्णा, आज शिव्यांशिवाय. सवयीनं दोन पैलवान उठले. संभादादांनी त्यांना हातानंच खाली बसवलं.

खुर्ची माझ्या शेजारी येऊन थांबली. गंगाक्कांनी वाटेकडे वळून पाहिलं आणि जड जिभेनं, पण ठसक्यात मला सांगितलं, "हे लई वर्सं म्हणत्यात, चल, उचलून न्हेतो. म्या म्हटलं, उचलायचा त्यो गूळ. मी काय रवा हाय व्हय?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते रंगमंचाकडे बघत होते.

"मग म्हटलं, माझ्या वजनाचा गूळ आदी जाऊन येऊ दे. न्हाय पडला, तर मी येते."

ही वाट माझ्यासाठी केली असं मी समजत होते. तसं नव्हतं हे कळलं, तरी माझा आनंद तसूभरही कमी झाला नाही. मी अण्णांचे आभार मानले. मनापासून मानले.

"माझं न्हवं, हिचं माना," उपरण्यानं डोळे पुसत अण्णा म्हणाले. "ही तवाच उचलून घ्यायला तयार झाली असती, तर तुमची वाट कुठली व्हायला?"

"गप बसा की," गंगाक्का म्हणाल्या. "गाणं ऐकू द्या."