सुईला फितवलं कोणी?

जुन्या वेधशाळेच्या लाकडी खोलीत निरीक्षकांना दरदरून घाम फुटला होता. काचेच्या पेटीत रेशमी धाग्याला टांगलेली ती चुंबकी सुई शंभर वर्षं इमानेइतबारे उत्तर दिशा दाखवत आली होती. आणि आज, नेमकं नव्या संचालक बाईंसमोर, ती भलतीकडेच तोंड करून बसली.

"बिघडलंय हो, काका. जाऊ दे गोदामात," बाई म्हणाल्या.

गोदामात! रोज सकाळी सुईची खुशाली विचारल्याशिवाय निरीक्षकांना चहासुद्धा गोड लागत नसे.

"मॅडम, तिला लोखंडाचं वावडं आहे. म्हणून तर खोलीला खिळे पितळेचे. तुमच्या केसांत पिना असतील!"

बाईंनी मुकाट्याने पिना काढून बाहेर ठेवल्या. सुई ढिम्म. मग निरीक्षकांनी स्वतःचं घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, चष्मा काढला, शेवटी बक्कल लोखंडी म्हणून पट्टाही काढला आणि सगळं बाहेर ठेवलं. एका हाताने पँट सावरत ते पेटीच्या उजवीकडे गेले. सुई वळली. डावीकडे गेले. सुई त्यांच्या मागोमाग!

"काका, ही तर तुमच्यावरच लट्टू झालीय!"

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन निरीक्षकांची बायको दारात आली.

"तिथंच थांब! डबा स्टीलचा आहे!"

"थांबले. पण अहो, पँट का धरून उभे आहात?"

सगळा प्रकार ऐकून तिचा चेहरा उतरला. "रागावू नका हं. तुमच्या आजच्या नव्या बनियनच्या पाठीला मी आतून लोहचुंबकं शिवलीत. कंबरदुखीवर चांगली असतात म्हणे."

"तरीच टोचतंय! अगं, उभा जन्म मी या खोलीत काढला आणि तू माझ्याच पाठीवर..."

"विचारलं असतं, तर घातला असता का?"

बनियन अंगणापलीकडे रवाना झाला. उघडेबंब निरीक्षक श्वास रोखून उभे राहिले. सुई डुलली, थरथरली आणि हळूहळू आपल्या जुन्या जागी, उत्तरेला, येऊन थांबली. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"राहू दे इथंच," बाई हसत म्हणाल्या. "कपड्याआडचं चुंबक पकडलं की हिनं! आणि काकू, गुडघ्यांसाठी काही शिवून द्याल का?"

"थोतांड आहे सगळं!" निरीक्षक कडाडले.

"मग आज सकाळपासून कंबर कशी दुखली नाही?" बायकोने विचारलं.

"व्यायाम करतो मी!"

"कधी?"

निरीक्षक घाईघाईने आपला पट्टा शोधायला बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मात्र अंगणापलीकडच्या झाडाला एक लाकडी खुंटी दिसू लागली. कामावर येताना निरीक्षक बनियन तिथं टांगत, आणि घरी निघताना कोणी बघत नाही ना, हे पाहून गुपचूप अंगात चढवत.