धनुष्याचा झोपेचा दाखला

गुरुवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मीनाचं धनुष्य दचकून जागं झालं, आणि दोरी उतरवली तरी परत झोपेना.

जागं धनुष्य पार्सलने जात नाही, हे फलटणमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. दोरी उतरवली की ते झोपतं, झोपलं की बांधायचं, बांधलं की पाठवायचं. पण रोहिणीचे दीर अमर हे लहान पोर नव्हते, सव्वीस वर्षांचे होते. त्यांना धनुष्याबद्दल सगळी माहिती होती, कारण त्यांनी धनुष्य कधी हातात धरलं नव्हतं. त्या दिवशी धरलं. दारात दोन मित्र उभे होते, त्यांना दाखवायचं होतं. बाण न लावताच त्यांनी दोरी कानापर्यंत ओढली आणि दिली सोडून.

रिकामी दोरी सुटली की बाणाने न्यायचा तो सगळा धक्का धनुष्यालाच सोसावा लागतो. वरचं पातं थरथरलं, खालचं थरथरलं, मधली मूठ किंचाळली. आत झोळीत निजलेली रोहिणीची आठ महिन्यांची छकुली तिच्या जोडीने सुरू झाली. मित्र निघून गेले. अशा वेळी मित्रांना काम आठवतं.

"एवढं काय झालं वहिनी? लाकूड आहे ते," अमर म्हणाले.

"लाकूड रडतं का, भाऊजी?"

"मीनाने लाडावून ठेवलंय."

"तुम्हाला कोणी लाडावलंय ते मी बोलत नाही. सासूबाई घरात आहेत."

मीना म्हणजे रोहिणीची धाकटी बहीण. अमरावतीला क्रीडा वसतिगृहात राहून तिरंदाजी शिकते. सुट्टीत आली तेव्हा धनुष्याच्या एका पात्याला बारीक चीर पडली होती, म्हणून ते इथल्या सुताराकडे दुरुस्तीला ठेवून गेली. दुरुस्त होऊन ते त्याच सकाळी घरी आलं होतं. शनिवारी आठ वाजता निवड चाचणी होती, आणि चारच्या गाडीत धनुष्य गेलं तरच शुक्रवारी संध्याकाळी पोहोचणार होतं.

"दुसरं कोणाचं घेऊन नाही का भागणार गं?" रोहिणीने फोनवर विचारलं.

"ताई, दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवशील का तू?" मीना म्हणाली, आणि मग एकदम बारीक आवाजात, "पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी. हीच एक वेळ."

रोहिणीने फोन ठेवला. काळजी करायला तिला फार कारण लागत नसे, छकुली दोनदा शिंकली तरी पुरायचं. पण आज कारण होतं.

तिने धनुष्य मांडीवर घेतलं, दोन्ही पाती मुठीपासून सोडवली आणि एकेका पात्याला मऊ सुती दुपट्यात गुंडाळलं.

"ते काका परत येतील?" मुठीने विचारलं.

"नाही येणार. बाजारात धाडलंय."

"पेटीत अंधार असतो?"

"असतो. झोपायला अंधारच लागतो, बाळा."

"बाण असणार का शेजारी?"

"असणार, पण वेगळ्या नळीत, टोकांना बुचं लावून."

"त्यांना सांग, माझ्याकडे तोंड करून नको झोपायला."

रोहिणीने बाणांची नळी उलटी फिरवली. पेटीच्या तळाला स्पंज घातला, कडेला स्पंज घातला, कोपऱ्यात छकुलीची जुनी झबली कोंबली. पेटीत बोटभर जागा मोकळी राहिली तरी आतलं सामान आपटत जातं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लेकराला रिक्षातून दवाखान्यात नेणाऱ्या बाईला ते शिकवावं लागत नाही. अमर बाजारातून आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, उशी राहिली की. आणि दुधाची बाटली?" रोहिणीने पेटी हलवून कानाला लावली. आवाज नव्हता. तासभर थोपटल्यावर, एकला दहा कमी असताना, धनुष्य झोपलं.

शीघ्रगती पार्सल कचेरी बसस्थानकामागे होती. भिंतीवर पाटी होती: जागी वस्तू स्वीकारली जाणार नाही. नियम वाईट नव्हता. मागच्या वर्षी एक जागा कुकर गाडीत गेला, तर वाटभर शिट्ट्या देऊन त्याने अठरा काचेच्या बरण्यांचा जीव घेतला. आणि जागं धनुष्य तर अंग आवळून बसतं, शंभर-दीडशे किलोमीटरवर त्याच्या पात्याला चीर जाते. अमरावती सहाशेच्या पुढे.

खिडकीशी धुमाळ साहेब होते. त्यांनी पेटीचं वजन केलं, नमुना सात काढला आणि बोटातल्या जाड अंगठीने पेटीवर तीनदा ठोकलं.

"वस्तू झोपली आहे काय?" ते ओरडले.

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

"वस्तू जागी. परत न्या."

"साहेब, झोपलेलं होतं! तुम्ही उठवलंत."

"मी विचारलं. उठायचं की नाही हे वस्तूने ठरवायचं असतं. बाजूला व्हा."

रोहिणी बाकावर बसली. एका खांद्यावर छकुली, मांडीवर पेटी. एक हात इकडे थोपटतोय, एक तिकडे. तिच्या मागचा गृहस्थ मिक्सर घेऊन आला होता, तो म्हणाला, "जुळी आहेत का?" रोहिणी म्हणाली, "नाही, हे बहिणीचं." त्याने समजून मान हलवली.

अडीचला धनुष्य पुन्हा झोपलं. या वेळी तिने पेटी खिडकीत ठेवण्याआधी धुमाळ साहेबांना हात जोडले. "हळू विचारा साहेब."

साहेबांनी उपकार केल्यासारखी अंगठी काढून ठेवली आणि नुसत्या बोटाने ठोकलं. "वस्तू झोपली आहे काय?"

पेटीतून काही आवाज आला नाही.

"बघा," रोहिणी म्हणाली, "गाढ."

"उत्तर आलं नाही."

"झोपलंय म्हणून आलं नाही."

"ते मला कसं कळणार? इथे रकाना आहे, 'वस्तूचे म्हणणे'. तो कोरा ठेवता येत नाही. झोपली असेल तर तिने तसं सांगावं."

"झोपलेलं कोणी सांगतं का, मी झोपलोय म्हणून?"

"रोज सांगतात," धुमाळ साहेब शांतपणे म्हणाले. "काल एका सतारीने सांगितलं. अगदी स्वच्छ शब्दांत. सुशिक्षित घरातली होती."

"ती जागी असणार!"

"तो तिचा खाजगी प्रश्न आहे. कचेरीला तिचं म्हणणं मिळालं."

या बोलाचालीत धनुष्य उठलं होतं. रोहिणी बाकावर परतली तशी पेटीच्या फटीतून हळूच म्हणालं, "मावशी, मी सांगू का? म्हणू, झोप लागलीय?"

रोहिणीने घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी. एवढं खोटं बोललं की काम झालं होतं, साहेबांनी शिक्का मारला असता आणि वर शाबासकी दिली असती. पण साहेबांना फसवून रस्ता फसत नाही. डोळे टक्क उघडे ठेवून ते सहाशे किलोमीटर अंधारात थरथरत जाणार, आणि मीना पेटी उघडणार तेव्हा आत दोन तुकडे.

"नको," ती म्हणाली. "तू झोप. बाकीचं मी बघते."

काय बघणार होती ते तिला माहीत नव्हतं. आयांना ते कधीच माहीत नसतं, तरी त्या म्हणतात.

ती गायला लागली. छकुलीसाठी रोज गाते तेच, जरा शब्द फिरवून:

"नीज नीज वाकड्या, कान तुझे झाकले,
मऊ मऊ कापडात पाय तुझे टाकले."

आवाज काही फार चांगला नव्हता. पण ज्या आवाजाने आठ महिने एका हट्टी पोरीला रोज दोनदा पाडलं आहे, त्यात दम असतो. आधी छकुली गेली. मग धनुष्य गेलं. मग मिक्सरवाल्या गृहस्थाची हनुवटी मिक्सरवर टेकली. मग मिक्सर. कोपऱ्यातले हमाल काका पोत्यांना पाठ लावून घोरू लागले. आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी, जेवण जास्त झालेले धुमाळ साहेब पेन हातात धरून खुर्चीतच कलले.

रोहिणीने गाणं हळूहळू बारीक करत बंद केलं, जसं झोळीचा झोका बंद करतात तसं. मग उठली, पेटी खिडकीत ठेवली, बोटाने फळीवर तीनदा टकटक केली आणि साहेबांच्याच सुरात विचारलं, "वस्तू झोपली आहे काय?"

"झोपली आहे," धुमाळ साहेब झोपेतच म्हणाले. "उद्या या."

बावीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात आपोआप चालला. रकान्यात 'झोपली आहे' असं लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. कुठलाही जागा माणूस इतकं भराभर काम करत नाही.

शिक्क्याच्या आवाजाने हमाल काका उठले. त्यांनी नमुना सात लांब धरून वाचला. "म्हणणं साहेबांनी दिलंय?"

"हो," रोहिणी म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि बोलावं लागलंही नाही.

"मग साहेबपण गाडीत जाणार."

"असं कसं, काका?"

"ज्याने म्हणणं दिलं, त्याच्यावर चिठ्ठी. नियम आहे. तिकडचे लोक पेटी उघडून विचारतात, तूच बोललास का? धनुष्य नाही म्हणालं तर माल परत येतो." त्यांनी एक चिठ्ठी पेटीवर चिकटवली आणि एक धुमाळ साहेबांच्या खिशावर. "मोठा खोका आहे मागे, फ्रिजचा. बांधायला मदत करता का? माझा हात जड आहे."

रोहिणीने पाच मिनिटं विचार केला. मग छकुलीला बाकावर नीट निजवलं आणि कामाला लागली. माणूस कसाही असो, बांधताना हयगय करायची नसते. तिने साहेबांचा पट्टा सैल केला, अंगात ताण राहू नये म्हणून. चष्मा उतरवून वेगळा गुंडाळला. मानेखाली स्पंज, दोन गुडघ्यांमध्ये पोतं, पोटाच्या वर मात्र काही घालावं लागलं नाही, तिथे खोका आधीच भरला होता. हवेसाठी वर भोकं पाडली. दोघांनी खोका हलवून पाहिला. आवाज नव्हता.

"छान बांधता हो," हमाल काका म्हणाले. "आमच्या कचेरीत साहेबांना इतकं कोणी सांभाळलं नव्हतं."

चारची गाडी चारलाच सुटली. खिडकीत कोणी नव्हतं, त्यामुळे उशीर व्हायला कारण नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सातला मीनाचा फोन आला. पेटी मिळाली. दोन्ही पाती धड. धनुष्य इतकं गाढ झोपलं होतं की दोरी चढवल्यावर आळस देऊन म्हणालं, आलं का अमरावती? शनिवारी सकाळी तिने त्याच धनुष्याने बहात्तर बाण सोडले. दुपारी तिचा पुन्हा फोन आला: यादीत चार नावं लागली, तिचं चौथं. चौथं म्हणजे आत. रोहिणीने फोन कानाला लावूनच देवापुढे साखर ठेवली आणि रडली. अमर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, काही होत नाही?" त्यांना त्या दिवशी साखर मिळाली नाही.

धुमाळ साहेब वसतिगृहाच्या व्हरांड्यात ठेवले आहेत. परतीच्या पार्सलला तिकडच्या कचेरीचा नियम उलटा आहे, तिथे माणूस जागा असल्याचं त्याला स्वतः सांगावं लागतं. रोज विचारतात. ते झोपेतच 'झोपली आहे, उद्या या' म्हणतात, खोटं बोलत नाहीत. मुली येता-जाता त्यांच्या अंगावरची चादर सारखी करतात आणि त्यांना उन्हात ठेवत नाहीत.

फलटणच्या कचेरीत खिडकीवर आता कोणी नाही, आणि गाड्या वेळेवर जातात, म्हणून साहेब कुठे गेले असं अजून कोणी विचारलेलं नाही. रोहिणीला मात्र चैन पडत नाही. कोणाच्या तरी घरी ताट वाढून झाकून ठेवलं असेल. तिच्याकडे पत्ता नाही. तुमच्यापैकी कोणी धुमाळांच्या घराकडे जात असेल, किंवा त्यांच्या गल्लीतलं कोणी ओळखीचं असेल, तर एवढा निरोप नक्की पोहोचवा: माणूस नीट बांधून पाठवला होता, सुखरूप पोहोचला आहे, कुठे चीर गेलेली नाही.