लाल रेघ आणि माझे बहात्तर किलो

आमच्या घरातली पहिली शिडाची बोट तरंगली ती माझ्या जिवावर! बायको नुसती डिझायनर. म्हणजे आकार, तळ, शीड, सुकाणू सगळं तिचं. पण ज्या वजनावर हे बेतलं, ते वजन माझं होतं. आता सांगा, मोठा वाटा कुणाचा?

बायको फायबरच्या बोटींच्या कारखान्यात आहे. बारा वर्षं तिने दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका निस्तरल्या. यंदा मालक म्हणाले, "दोघांनी हौसेने फिरवायची छोटी बोट तू काढ. नमुना जमला तर साचा करू. नाहीतर जुनीच बरी."

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा उरली नाही. एकच रेघ ती दहादा खोडायची, अकराव्यांदा ओढायची. मला अकराही सारख्याच दिसायच्या! पण शेवटी बोटीचं पोट असं सुरेख उतरलं की कागदावरूनच हात फिरवावासा वाटला. फिरवलाही. "हात तेलकट आहेत!" म्हणून ओरडा खाल्ला.

"छोट्या बोटीत माणसांचं वजन फार महत्त्वाचं," ती म्हणाली. "चाचणीला तू आणि मालक मागे बसणार. तुझं किती?"

"बहात्तर!" मी छाती काढून म्हणालो. आकडा खराच होता, फक्त लग्नातला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मालकांनी फोनवर सत्तर सांगितलं.

आठ महिन्यांनी नमुना तलावात उतरला. पांढरीशुभ्र बोट, अंगाला एक लाल रेघ. दोघं बसल्यावर पाणी बरोबर त्या रेघेला टेकणार, असा बायकोचा शब्द होता. धक्क्यावर सगळा कारखाना जमला. मालक सुकाणूपाशी बसले, शेजारी मी. मागचं टोक खाली गेलं. आणखी खाली गेलं!

"रेघ गेली!" मिस्त्री ओरडले.

"कुठे गेली?"

"पाण्याखाली! चांगली दोन बोटं!"

मालकांनी मान हलवली. "हिशोब चुकलाय गं तुझा. साचा विसर आता."

बायकोने वही उघडली. पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. मला भरून आलं. बारा वर्षांनी मिळालेली संधी माझ्या खोटेपणापायी बुडत होती!

"थांबा!" मी ताडकन उभा राहिलो. बोट डचमळली, मालकांनी माझी पँट धरली. "हिशोब बरोबर आहे! मी खोटं बोललो! मी बहात्तर नाही, नव्वद किलो आहे!"

"चौऱ्याण्णव," बायको वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"आं?"

"सोफ्यावर तुझ्या बाजूला पडलेला खड्डा मोजला मी. चौऱ्याण्णवच धरलंय."

मी मुकाट्याने खाली बसलो. चारचौघांत अब्रू गेली आणि उपयोग शून्य!

पण तिची पेन्सिल थबकली. ती कडेला वाकली, बुडालेली रेघ मोजली, भराभर गुणाकार केले.

"मालक," ती चाचरत म्हणाली, "मागे सव्वीस किलो जास्त आहेत. तुमचं मात्र तुम्ही सांगितलं तेच लिहिलं होतं."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी तलावाकडे पाहिलं.

"बूट जड आहेत," ते म्हणाले.

"सव्वीस किलोंचे?" मिस्त्रींच्या तोंडून निसटलं.

मालक लाल झाले. मग एकदम खो खो हसत सुटले. "सकाळीच काटा पाहिला. शहाण्णव! अगं, बोट केलीस की वजनकाटा? मिस्त्री, साच्याच्या तयारीला लागा!"

शीड चढवलं. वारा भरला आणि आम्हा दोन गोण्यांना घेऊन ती बोट अशी अलगद निघाली, की मालक स्वतःचा आकडासुद्धा विसरले. मी तर वळून वळून धक्क्यावरच्या बायकोकडेच पाहत होतो. काय बाई आहे!

आता साचा झालाय, बोटीला मागणीही जोरात आहे. अडचण एकच. बायको वही घेऊन धक्क्यावर उभी राहिली की चाचणीला बोटीत बसायला कोणी तयार होत नाही. दर वेळी मलाच बसावं लागतं. बसतो बापडा! माझा आकडा काय, सगळ्यांना पाठच आहे.