शेरामींची हातजाळी

कयाक विकून टाकायची आणि आईवडिलांना लाफायेत शहरात आपल्याजवळ नेऊन ठेवायचं, असं रेनेटने जाहीर केलं तेव्हा तिचे वडील, कॅप्टन क्लोव्हिस शेरामी, स्वयंपाकघरात बायकोचा गुलाबी झगा घालून कॉफी पीत बसले होते. त्यांचे स्वतःचे सगळे कपडे बाहेर दोरीवर ठिबकत होते. अशा पोशाखात माणसाने वाद घालू नये, पण कॅप्टनना ते कुणी सांगायचं?

"मासा मोठा होता," कॅप्टन म्हणाले.

"कुठाय?" रेनेटने विचारलं.

"गेला."

"मग मोठाच असणार," दारात उभा असलेला नोलन गंभीरपणे म्हणाला. हा नोलन ओडीलचा, म्हणजे कॅप्टनच्या बायकोचा, धाकटा भाऊ. त्याचा धक्का बायूच्या, म्हणजे घरामागच्या संथ खाडीच्या, काठावर जरा खालच्या अंगाला आहे. दाजी मासा हातांनी उचलायला वाकले, मासा, दाजी आणि कयाक असे तिघेही एकदम उलटले, हे त्याने कॉफी पिता पिता पाहिलं होतं. आधी त्याने भाचीला फोन केला आणि मग दाजींना बाहेर काढलं.

आता कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची ती चिंचोळी होडी, दिली होती रेनेटनेच. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर कॅप्टनना कोलंबीची बोट विकावी लागली. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला. घरामागच्या पाण्यात पप्पा सकाळ-संध्याकाळ वल्ही मारतील, बदकं बघतील, अशी तिची कल्पना. कॅप्टननी पहिल्याच दिवशी कयाकवर गळ चढवला आणि बदकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ऐका पप्पा," रेनेट म्हणाली. "दर गुड फ्रायडेला या घरात तुम्ही पकडलेला मासा शिजतो. बरोबर? या वर्षी तो त्या कयाकवरून आणा. एकट्यानं, न पडता, कुणाचा हात न लागता. आणलात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर ईस्टर झाला की सामान बांधायचं."

"बांधू की," कॅप्टन म्हणाले. लाफायेतला रेनेटच्या घरासमोर पाणी म्हणाल तर बागेच्या नळाचं.

ओडील भांडी पुसत होती. ती काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं कोणाच्या बाजूचं असतं हे कॅप्टनना सबंध संसारात कधी कळलेलं नव्हतं.

कयाकवर बसून मोठा मासा उचलायचा तर हातजाळी हवी, हे कॅप्टनना उलटण्याच्या आधी नाही तरी उलटल्यावर कळलं होतं. ते हमरस्त्यावरच्या दुकानात गेले. तिथली डार्ला या विषयात मुरलेली बाई. तिने एकेक जाळी भिंतीवरून काढून काउंटरवर मांडली.

"ही घ्या कॅप्टन. आखूड दांड्याची. कयाकवर आपण पाण्याला चिकटूनच बसतो, लांब दांडा घेऊन करायचं काय? सारखा कोपरात घुसतो. शिवाय दांड्यात फोम आहे, हातातनं सुटली तर तरंगेल."

"माझ्या हातातनं जाळं सुटत नाही."

"बरं. आणि हे बघा, पिशवी उथळ आहे. वर रबर चढवलंय, म्हणजे गळ अडकत नाही, माशाचे खवलेही निघत नाहीत."

कॅप्टननी ते रबर दोन बोटांत धरून ताणलं. सोडलं. पुन्हा ताणलं. त्यांचे आजोबा जाळी विणायचे, वडील विणायचे, ते स्वतः अंगणातल्या झाडाला दोरी बांधून सगळ्या बायूची फाटलेली जाळी सांधत मोठे झाले. त्यांनी जाळी हळूच काउंटरवर ठेवली.

"डार्ला, लहान पोरांना दात येताना चावायला देतात ते हे."

"पण कामाचं आहे."

"शेरामींच्या घरात आजवर जाळं विकत आलेलं नाही."

"आजवर शेरामींच्या घरात कयाक तरी कुठे होती?" डार्ला म्हणाली. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं आणि म्हणूनच कॅप्टन काही न घेता बाहेर पडले.

मग अंगणातल्या झाडाला पुन्हा दोरी बांधली गेली. कॅप्टननी शेडमधून हिरवी सुतळी काढली, जाळी विणायची लाकडी सुई काढली, अॅल्युमिनियमची नळी वाकवून कडं केलं. दांडा मात्र आखूड ठेवला. डार्लाचं एवढं एक त्यांनी ऐकलं, पण कुणाला सांगितलं नाही. आठवडाभर ते जेवायला हाका माराव्या लागतील असे विणत बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते जेवणावर टीका न करता जेवत होते, एवढं ओडीलने पाहून ठेवलं.

जाळी तयार झाल्यावर ती बघायला आली. विणकाम असं देखणं होतं की चर्चमध्ये लावावं. पण पिशवी गुडघ्याइतकी खोल होती, आणि तळाला बंद असायच्या ऐवजी उघडी; तिथे दोरी ओवून गाठ मारलेली.

"ही शेपटी कशाला?" ओडीलने विचारलं.

"जाळ्याला शेपटी असते."

"कोलंबीच्या जाळ्याला असते. बोटीवर वर ओढायचं, शेपटीची दोरी खेचायची, सगळा माल डेकवर. इथे डेक कुठाय?"

"जाळं ते जाळं, ओडील."

"मग कासवांना बाहेर पडायला दार ठेवलंस ना? की सरकारी माणूस कयाकवर चढल्यावर ठेवणार?"

कोलंबीच्या जाळ्यात कासवांसाठी दार ठेवायचा सरकारी नियम कॅप्टनना आयुष्यभर झोंबलेला. त्यांनी गाठ ओढून पाहिली. पक्की होती.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी सकाळी कॅप्टन बायूच्या तोंडाशी गेले, जिथे खारं पाणी आत येतं. गळाला अर्धा खेकडा लावला आणि बसून राहिले. नोलनही तिथून दिसणाऱ्या आपल्या धक्क्यावर बसला होता, हातात कॉफी आणि खिशात फोन. त्याला साक्षीदार नेमलं होतं रेनेटने. पण ते काम त्याने असं मनावर घेतलं होतं की नेमलं नसतं तरी त्याने केलं असतं.

ऊन चढता चढता दोरा ताणला. कयाकचं नाक आपोआप वळलं. मासा तांबड्या जातीचा होता, शेपटीवर काळा ठिपका, आणि अंगाने असा की वर आल्यावर कॅप्टननी मनातल्या मनात क्रूसाची खूण केली. घाई केली नाही. त्याला पळू दिलं, दमू दिलं, पुन्हा पळू दिलं. शेवटी मासा कुशीवर होऊन कयाकला लागला. कॅप्टननी डाव्या हाताने जाळी खाली घातली आणि अलगद उचलली. संपूर्ण मासा जाळीत होता. कयाक हललीसुद्धा नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण चाळीस वर्षं त्या उजव्या हाताने एकच काम केलं होतं. भरलेलं जाळं पाण्याबाहेर आलं, समोर लोंबकळलं, की उजव्या हाताने शेपटीची दोरी खेचायची. हाताला ऑपरेशन माहीत नव्हतं, बोट विकलेली माहीत नव्हती, गुड फ्रायडे माहीत नव्हता. गळाचा दांडा गुडघ्यांत धरून कॅप्टनचा उजवा हात पुढे गेला आणि त्याने दोरी खेचली.

मासा खालच्या भोकातून पाण्यात पडला.

"दाजी!" नोलन धक्क्यावरून ओरडला. "तुम्ही त्याला सोडलंत?"

मासा पडला खरा, पण गळ अजून त्याच्या तोंडात होता. म्हणजे आता दोरा जाळीच्या तोंडातून आत शिरून शेपटीतून बाहेर जात होता, आणि त्याच्या टोकाला चवताळलेला मासा. तो सुटला. कॅप्टनच्या हातातून आजवर न सुटलेलं जाळं हिसडा बसून गेलं आणि मण्यासारखं दोऱ्यावरून घसरत माशामागे धावलं. त्याच्यामागे कयाक. कयाकवर कॅप्टन, दोन्ही हातांनी गळाचा दांडा धरून, पाठ ताठ, चेहरा मिरवणुकीत मूर्तीमागे चालणाऱ्या पाद्रीबाबांसारखा.

अशी ती वरात बायूतून गावाकडे निघाली. काठाकाठाने रस्ता आहे. नोलनने ट्रक काढला आणि खिडकीतून मान बाहेर काढून तो बरोबरीने चालवू लागला.

"दाजी, दोरा कापा!"

"गप्प बस!"

"हृदय सांभाळा!"

"ते माझ्याजवळच आहे! तू रस्त्याकडे बघ!"

मासा थेट बोटींच्या धक्क्याला गेला आणि 'मिस ओडील'च्या खाली घुसला. ही कॅप्टनची जुनी बोट. विकत घेणाऱ्या थुआनने नाव बदललं नव्हतं, कारण बोटीचं नाव बदलणं अशुभ. त्यामुळे कॅप्टनच्या बायकोचं नाव रोज थुआनबरोबर समुद्रावर जायचं, आणि यावर नोलनला जे सुचायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोऱ्याने लाकडी खांबाला वेढा घातला, जाळी खांब आणि बोट यांच्यात अडकली आणि कयाकचं नाक बोटीला थडकलं.

थुआन आवाजाने वर आला. खाली वाकून त्याने बघितलं आणि लगेच लांब आकडी उचलली.

"कॅप्टन, धरा घट्ट! घेतो वर!"

"हात लावू नकोस!" कॅप्टन ओरडले.

"अहो, दोरा तुटेल!"

"तुटू दे! तू हात लावलास तर मला लाफायेतला जावं लागेल!"

थुआनला यातलं अक्षर कळलं नाही. तेवढ्यात नोलन धापा टाकत आला आणि त्याने सगळी अट समजावली. थुआनने आकडी खाली ठेवली. त्याच्याही घरात सासरा होता. दोघे कठड्याला टेकून, टोप्या काढून, अंत्यविधीला उभं राहावं तसे उभे राहिले.

कॅप्टननी एका हाताने खांब धरला. कयाक ढकलत ढकलत खांबाला उलटी फेरी घातली. वेढा सुटला. जाळी उपसून काढली. मग त्यांनी ती मांडीवर घेतली, शेपटीची दोरी आवळली आणि गाठ मारली. त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली. उरलेलं टोक दातांत धरलं, म्हणजे उजव्या हाताला ते सापडायला नको. अशा अवस्थेत त्यांनी मासा जवळ घेतला, दमलेला, आणि दोऱ्यासकट जाळीत भरून मांडीवर ओढला. कयाक डुलली, पाणी आत आलं, कॅप्टन गच्च बसून राहिले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नोलनने नाक शिंकरलं. "आणलात दाजी," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

थुआनने मोजपट्टी खाली सोडली, कारण आमच्याकडे मासा मोजल्याशिवाय घरी जात नाही. कॅप्टननी मासा पट्टीवर ठेवला. बघितलं. माशाचं तोंड मिटून पुन्हा बघितलं. शेपटी इकडून दाबली, तिकडून दाबली. मासा दर खेपेला थोडा जास्तच भरला.

"किती?" नोलनने विचारलं.

"सत्तावीसच्या वर."

सत्तावीस इंचांच्या वरचा तांबडा मासा कायद्याने घरी नेता येत नाही. तो जुना, वंश चालवणारा मासा. त्याला परत सोडावं लागतं.

"कोण बघतंय?" नोलन हळूच म्हणाला. "थुआन, तू बघितलंस?"

"मी तर बोटीवरच नव्हतो," थुआन म्हणाला.

कॅप्टन माशाकडे बघत होते. त्याच्या ओठावर जुन्या गळाची खूण होती, एका बाजूचे खवले कधीतरी गेलेले. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आपली कीव आली की त्याची, हे कॅप्टनना सांगता आलं नसतं. त्यांनी गळ काढला, मासा पाण्यात सरळ धरला आणि कल्ले नीट चालायला लागेपर्यंत धरून ठेवला. मग हात उघडले.

"चल रे नोलन," ते म्हणाले. "उद्यासाठी काहीतरी विकत घेऊन ये."

गुड फ्रायडेला टेबलावर नोलनने आणलेले गोठवलेल्या माशाचे चौकोनी तुकडे तळून ठेवले होते. पाकिटावर कुठल्यातरी लांबच्या देशाचं नाव होतं. ओडीलने पाकीट आधीच कचऱ्यात टाकलं. प्रार्थना झाली. नोलनने सगळी हकिकत डार्लाच्या दुकानातल्या रबराच्या जाळीपासून सांगितली, झगा सोडून, कारण तो रेनेटला माहीत होता. कॅप्टन ताटातला तुकडा काट्याने उलटा करून ठेवत होते.

रेनेटने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण ती शेवटी शेरामींचीच मुलगी.

"म्हणजे मासा आणला नाहीत, पप्पा."

"नाही आणला," कॅप्टन म्हणाले. "शब्द तो शब्द. सोमवारी बांधू सामान."

"पण धरला होतात, न पडता, एकट्यानं. मग एवढं करून त्याला सोडलं का?"

उत्तर दिलं ओडीलने. इतक्या दिवसांत या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती. भात वाढता वाढता, कुणाकडे न बघता ती म्हणाली, "म्हातारा होता तो. म्हाताऱ्यांना घरी नेऊन ठेवायचं नसतं, परत पाण्यात सोडायचं असतं. कायदाच आहे तसा."

नोलनचा घास हातातच राहिला. रेनेटने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. कॅप्टन अजूनही ताटाकडेच बघत होते, फक्त त्यांचे कान लाल झाले होते.

"बटाट्याचं सॅलड इकडे दे, मामा," रेनेट म्हणाली. "आणि पप्पा, डार्लाकडची ती रबराची जाळी मी उद्या घेऊन येते."