सगुणामावशीचा गूळ

आमच्या गावात पहाटे लोटा घेऊन निघालेला माणूस रानडुकराला भ्यायचा नाही, पण सगुणामावशीला भ्यायचा. गाव भंडारा जिल्ह्यातलं, करडी गावाच्या अलीकडचं. मावशीचं घर शाळेच्या मागे, आणि साऱ्या गावाची बसायची जागाही शाळेच्या मागेच. कुणी बसलं रे बसलं की मावशी डालड्याचा रिकामा डबा बडवत यायची आणि नाव घेऊन ओरडायची, "उठा वो पाटील! पोट्टे खेळतेत तिथं!" पाटील उठायचे. न उठून करतात काय?

आम्हा पोरांची गत याहून वाईट. शाळा सुटली की तिच्या ओट्यापुढे रांग. हात धुवा, नखं दाखवा, पाय अनवाणी असतील तर शिव्या खा. पास झालेल्याला गुळाचा खडा. एकदा मी घाईघाईत दातांनीच नखं कुरतडली. तिनं पाहिलं आणि आठवडाभर माझा गूळ बंद केला.

गावानं तिचा डबा सोसला, गूळ मात्र सोसवेना. गोडानं जंत होतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगायचं. शेवटी एका संध्याकाळी, आमची रांग लागलेली असताना, पाटील चार माणसं घेऊन ओट्यापुढे आले.

"बाई, गूळ चारून पोट्ट्यायचे जंत कायले वाढवून राहिली? उद्यापासून एक पोट्टं इकडं येनार नाही."

"जंत गुळातून नाही येत, पाटील. तुम्ही लोटा घेऊन बसता, तिथून येतेत. तेच मातीत जाते, तेच पोट्ट्यायच्या हातानं पोटात. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगतलं मले."

आम्ही फिदीफिदी हसलो. पाटील चिडले. "मंग तुह्या शंकरच्या पोटात जंताचा गोळा काहून झाला होता वो? त्याले काय कमी गूळ चारला असन!"

शंकर तिचा एकुलता एक. आमच्या जन्माआधीच गेलेला. मावशीनं गुळाची ढेप मागे सरकवली. मला पाटलांचा भयंकर राग आला.

"नाही चारला," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यायचंच आयकलं अन् एक खडा नाही देल्ला. दवाखान्यात शेवटी गूळच मांगे. तरी नाही देल्ला. मंग डॉक्टर म्हने, गुळाचा काही दोष नव्हता बाई."

पाटील उगाच धोतराचा सोगा सारखा करू लागले.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं, गुळाची ढेप पुढे ओढली आणि आमच्यावर खेकसली, "काय पाहून राहिले बे? नखं दाखवा!"

रांगेत पहिला पाटलांचा नातू होता. त्यानं आजोबांकडे न बघता दोन्ही हात पुढे केले.